स्टेशन ते घर: उपनगर निवडताना आम्ही काय मोजलं

धाकटा रांगायला लागला आणि शहराच्या मध्यावरचं आमचं भाड्याचं घर पुरेनासं झालं. थोरली तिसरीत होती, तिला अभ्यासाला स्वतःचा कोपरा नव्हता. सासरे आमच्याकडे कायमचे राहायला येणार हे ठरलं होतं आणि त्यांचे गुडघे तीन मजले चढू देत नव्हते. शहरात एवढं मोठं घर घेण्याची आमची ऐपत नव्हती, त्यामुळे उपनगरात जायचं हे लगेच ठरलं. कोणत्या उपनगरात, हे ठरायला मात्र जवळपास वर्ष गेलं. त्या वर्षात काय पाहिलं, काय मोजलं आणि शेवटी कशाच्या जोरावर ठरवलं ते सविस्तर लिहिते आहे. लहान मुलं, एक वयस्कर माणूस आणि शहरात नोकरी करणारे दोघं, अशा घराला हा निर्णय सगळ्या बाजूंनी घेरतो.

जाहिरातींमध्ये तीन वाक्यं पुन्हा पुन्हा भेटायची. शहरापासून इतके किलोमीटर, स्टेशनपासून इतकी मिनिटं, शहरात इतक्या वेळात. त्यांत आमचा दिवस कुठेच बसत नव्हता. नवऱ्याचं ऑफिस मुख्य स्टेशनपासून चालत जाण्याजोगं आहे. मला तिथे उतरून दुसरी गाडी धरावी लागते आणि मग पुन्हा चालावं लागतं. एकाच घरातून, एकाच गाडीने निघालो तरी दोघांचा प्रवास वेगळा. म्हणून आम्ही अंतराचा विचार सोडला आणि वेळेची मर्यादा घातली: आपल्या दारातून निघाल्यापासून ऑफिसच्या दारात पोचेपर्यंत, ज्याचा प्रवास लांब त्याला, ५० मिनिटं. वाईट दिवशी एक तास. त्यापलीकडचं उपनगर कितीही सुंदर असलं तरी बघायलाही जायचं नाही.

ही मर्यादा ठरवण्याआधी मी बरंच वाचलं होतं. याकोव झहावी या वाहतूकतज्ज्ञाने १९७० च्या दशकात एक निरीक्षण मांडलं होतं आणि इटालियन शास्त्रज्ञ चेझारे मार्केटी यांनी १९९४ साली ते पुढे नेलं: माणूस रोजच्या जाण्यायेण्याला सरासरी साधारण एक तास देतो, मग तो पायी चालणारा असो की रेल्वेने जाणारा. वाहन वेगवान झालं की वेळ वाचत नाही, माणसं आणखी लांब राहायला जातात. पायी चालण्याच्या काळातली तटबंदीची शहरं साधारण ५ किलोमीटरच्या व्यासात का मावत, याचं स्पष्टीकरण मार्केटी यातूनच देतात. म्हणजे जाऊन-येऊन एक तास ही माणसाची जुनी सवय, आणि आम्ही स्वतःला तिच्या जवळजवळ दुप्पट सूट देत होतो. त्यापुढे एक मिनिटही द्यायला माझी तयारी नव्हती.

त्यामागे आणखी एक कारण होतं. २००४ साली मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टेक्सासमधल्या ९०९ नोकरदार स्त्रियांना आदल्या दिवसाचा तुकड्यातुकड्याने हिशेब मांडायला सांगितलं होतं: काय केलं, आणि तेव्हा कसं वाटत होतं. सगळ्यांत कमी आनंदाच्या तुकड्यांत सकाळी कामावर जाण्याचा प्रवास होता. ब्रुनो फ्राय आणि आलॉईस श्टुट्झर या अर्थतज्ज्ञांनी जर्मनीतली माहिती तपासून असं दाखवलं की लांबचा प्रवास करणारी माणसं आपल्या आयुष्याबद्दल कमी समाधानी असतात. मोठं घर किंवा बरा पगार त्याची पूर्ण भरपाई करत नाही. मला हे पटलं, कारण घर पाहताना आपण खोल्या पाहतो. त्या खोल्यांपर्यंत पोचायला रोज काय मोजावं लागेल ते डोळ्यांसमोर नसतं. जास्तीच्या खोलीची सवय महिन्याभरात होते. उभ्याने केलेल्या प्रवासाची सवय होत नाही, कारण तो रोज वेगळ्या तऱ्हेने त्रास देतो.

मग आम्ही प्रवासाचे तुकडे केले. घर ते स्टेशन. प्लॅटफॉर्मवर थांबणं. गाडीतला वेळ. गाडी बदलणं. स्टेशन ते ऑफिस. जाहिरातीत असतो तो फक्त मधला तुकडा, आणि तोच सगळ्यांत सोसण्यासारखा असतो. वाहतुकीचं नियोजन करणारे लोक थांबण्याचं आणि चालण्याचं एक मिनिट गाडीत बसलेल्या साधारण दोन मिनिटांइतकं धरतात, कारण माणसाला ते तेवढं लांब वाटतं. हे कळल्यावर आमच्या यादीचा क्रम बदलला. गाडीतली २५ मिनिटं आणि दोन ठिकाणी थांबणं असलेलं उपनगर खाली गेलं. गाडीतली ३५ मिनिटं, पण कुठे फारसं ताटकळायचं नाही, असं एक वर आलं.

गाड्या किती अंतराने सुटतात, या एका गोष्टीवर मी सगळ्यांत जास्त वेळ घालवला आणि प्रत्येकाने घालवावा असं मला वाटतं. यादीतल्या एका उपनगरातून जलद गाडी होती. शहरात पोचायला सगळ्यांत कमी वेळ तिचाच. पण ती अर्ध्या तासाने एक. दुसऱ्या ठिकाणची गाडी प्रत्येक स्टेशनवर थांबणारी, पण सात-आठ मिनिटांनी एक. जिथे गाडी आठ मिनिटांनी येते तिथे वेळापत्रक न बघता निघालं तरी सरासरी चार मिनिटं थांबावं लागतं. जिथे अर्ध्या तासाने येते तिथे सगळं घर त्या गाडीच्या तालावर नाचतं. धाकट्याने ऐन वेळी कपडे खराब केले, थोरलीची वही सापडली नाही, सासऱ्यांचं औषध संपलं, अशी दोन मिनिटं गेली की पुढची तीस गेली. लहान मुलांच्या घरात अशी दोन मिनिटं रोज कुठेतरी जातातच. माझ्या मते कुटुंबाला सोयीची गाडी म्हणजे जी चुकली तरी चालते ती.

वेळापत्रक पाहताना आम्ही सकाळचा रकाना मुद्दाम शेवटी पाहिला. गर्दीच्या वेळी सगळीकडेच गाड्या असतात. आम्ही पाहिलं ते दुपारी दोनचं, रात्री साडेनऊचं आणि सुट्टीच्या दिवसाचं. दुपारी दोन अशासाठी की शाळेतून फोन येतो तो साधारण त्या सुमारास: ताप आलाय, पडली आहे, घेऊन जा. त्या वेळी तासाला एकच गाडी असेल तर आई किंवा बाप शहरात अडकलेला असतो आणि मूल शाळेत बसून राहतं. रात्री साडेनऊ अशासाठी की नवऱ्याला महिन्यातून काही वेळा उशिरापर्यंत थांबावं लागतं. एका उपनगराचं वेळापत्रक सकाळ-संध्याकाळ इतकं छान होतं की आम्ही ते जवळजवळ नक्की केलं होतं. दुपारचा रकाना उघडला आणि ते यादीतून गेलं.

मग प्रत्यक्ष जाऊन पाहणं. ठरवलं ते हे, की घर बघायला सुट्टीच्या दिवशी जायचंच नाही. एजंट सुट्टीच्या दिवशी बोलावतात, स्वच्छ उजेडात, रिकाम्या रस्त्यांवर. आम्ही कामाच्या दिवशी रजा काढून किंवा ऑफिस सुटल्यावर तसेच जायचो. संध्याकाळी सहाला ऑफिसमधून निघायचं, त्या उपनगरात आपलं घर आहे असं समजून तिथपर्यंत जायचं आणि प्रत्येक तुकड्याचा वेळ वहीत लिहायचा. सकाळचाही प्रवास तसाच, उलट्या बाजूने. एका फेरीवर विसंबून राहता येत नाही. गाडी उशिरा आली, पाऊस लागला, कुठे सिग्नल बिघडला, हे दिवस नोंदीत यायला हवेत. शेवटी वहीतली सरासरी आम्ही पाहिलीच नाही, प्रत्येक ठिकाणच्या सगळ्यांत वाईट आकड्याकडे पाहिलं. पाळणाघर बंद होण्याची वेळ सरासरी ऐकून घेत नाही. महिन्यातून दोनदा जरी उशीर होत असेल, तरी आपल्याला रोज त्या उशिराइतकं लवकर निघावं लागतं. म्हणजे खरा प्रवास तेवढा लांब.

स्वतःच्या गाडीने जायचा पर्यायही पाहिला. ज्या उपनगरांना रेल्वे नाही तिथली घरं मोठी होती आणि अंगणंही. तिथे भेटणारा प्रत्येक जण सांगायचा की नवा रस्ता होतो आहे, मग वीस मिनिटांत शहर. अर्थतज्ज्ञ अँथनी डाउन्स यांनी १९६२ मध्येच लिहून ठेवलं आहे की गर्दीच्या वेळी मोठ्या शहरातल्या द्रुतगती रस्त्यावरची वाहतूक त्या रस्त्याच्या क्षमतेइतकी वाढत जाते. रस्ता रुंद झाला की बाजूच्या रस्त्यांवरचे, वेगळ्या वेळी निघणारे आणि आतापर्यंत रेल्वेने जाणारे सगळे त्यावर येतात. होऊ घातलेल्या रेल्वेमार्गांनाही आम्ही तोच नियम लावला. लंडनची एलिझाबेथ लाइन डिसेंबर २०१८ मध्ये सुरू व्हायची होती, ती मे २०२२ मध्ये झाली. साडेतीन वर्षांत रांगणारं मूल शाळेत जायला लागतं. जे आज धावतं आहे तेच धरायचं, होणार आहे ते हिशेबात घ्यायचं नाही, एवढ्यावर आम्ही दोघं ठाम राहिलो आणि त्यामुळे निम्मी यादी आपोआप सुटली.

उरली तीन-चार उपनगरं. प्रवासाचा वेळ सगळ्यांचा साधारण सारखा. इथून पुढे जे पाहिलं त्यानेच खरं तर निर्णय झाला: स्टेशन ते घर हा शेवटचा तुकडा.

जपानमध्ये घराच्या जाहिरातीत स्टेशनपासूनचं अंतर चालण्याच्या मिनिटांत देतात आणि त्याचा नियम ठरलेला आहे: ८० मीटरला एक मिनिट. त्यात सिग्नलला थांबणं आणि चढ धरलेला नसतो. आमच्या जाहिरातींतली पाच मिनिटं कोणत्या हिशेबाने काढली होती कोण जाणे. आम्ही ती बाबागाडी ढकलत, थोरलीचा हात धरून आणि सासऱ्यांना बरोबर घेऊन चाललो. एका ठिकाणी कागदावर ४०० मीटर होतं. मधे सहा पदरी रस्ता. तो ओलांडायला भुयारी मार्ग, त्याला पायऱ्या आणि उताराचा रस्ता फक्त एका बाजूला. सासरे अर्ध्या पायऱ्यांवर थांबले आणि म्हणाले, "तुम्ही या घरात जरूर राहा, मी मात्र एकदा वर गेलो की खाली येणार नाही." ते कधी तक्रार करणाऱ्यांतले नाहीत, त्यामुळे त्या एका वाक्यावर आम्ही तिथून परत फिरलो.

दुसऱ्या एका उपनगराचं स्टेशन वाहनतळाच्या मधोमध होतं. चारही बाजूंना गाड्याच गाड्या, त्यापलीकडे मोठा रस्ता, आणि घरं त्याच्याही पलीकडे. स्टेशनपर्यंत गाडीने यायचं, गाडी तिथे लावायची आणि रेल्वेने जायचं अशी ती रचना. एकट्या नोकरदाराला ती चालेल. पण तिथे मुलीला वाचनालयात जायचं तर कोणीतरी सोडायला हवं, मैत्रिणीकडे जायचं तर सोडायला हवं, खेळायला जायचं तरी तेच. सकाळ-संध्याकाळ शहराचा प्रवास करून आलेल्या माणसाने पुन्हा गाडीची किल्ली उचलायची. शहराचा प्रवास मोजताना हा दुसरा प्रवास कोणी मोजत नाही. तो बहुतेक घरांत आईच्या वाट्याला येतो. म्हणून मी तो वहीत वेगळ्या रकान्यात लिहायला लागले.

तिथपासून माझा प्रश्नच बदलला. मला शहरात पोचायला किती वेळ लागेल याच्या जोडीला, नऊ वर्षांची मुलगी एकटी कुठवर जाऊ शकेल, हे मी प्रत्येक ठिकाणी पाहू लागले. आणि लक्षात आलं की दोन्ही प्रश्नांचं उत्तर त्याच एका किलोमीटरमध्ये असतं. जिथे दमून आलेला माणूस स्टेशनवरून घरी नीट चालत येऊ शकतो, वाटेत औषधं घेऊ शकतो, मुलाला पाळणाघरातून उचलू शकतो, तिथेच मूलही एकटं शाळेत जाऊ शकतं. फूटपाथ दोघांना तोच लागतो.

हे शहरं आखणाऱ्यांना फार पूर्वी सुचलं होतं. क्लॅरन्स पेरी यांनी १९२९ मध्ये मांडलेल्या वस्तीच्या आराखड्यात मध्यभागी प्राथमिक शाळा आहे, साधारण पाव मैलाच्या म्हणजे ४०० मीटरच्या परिघात घरं आहेत आणि वाहतुकीचे मोठे रस्ते वस्तीच्या कडेने जातात. कोणत्याही मुलाला शाळेत जाताना मोठा रस्ता ओलांडावा लागू नये, ही त्यामागची कळकळ. त्याच वर्षी न्यू जर्सीमधल्या रॅडबर्नमध्ये क्लॅरन्स स्टाइन आणि हेन्री राइट यांनी पायवाटा आणि गाड्यांचे रस्ते वेगळे काढलेली वसाहत उभारायला घेतली. कोपनहेगनने १९४७ मध्ये पंजाच्या आकाराची योजना केली: रेल्वेमार्गांच्या बोटांवर वस्ती आणि दोन बोटांच्या मधे हिरवी मोकळी जागा. स्टॉकहोमजवळचं वेलिंगबी १९५४ मध्ये सुरू झालं, तिथे दुकानं आणि सोयी मेट्रो स्टेशनला लागून आहेत, उंच इमारती त्यांच्या जवळ आणि बैठी घरं बाहेरच्या बाजूला. मी हे सगळे नकाशे शोधून पाहिले आणि मग आमच्या यादीतली उपनगरं त्याच नजरेने पाहिली. स्टेशन वस्तीच्या पोटात आहे की वस्तीच्या पाठीमागे, हे नकाशावर दोन मिनिटांत दिसतं.

मुलांच्या एकटं फिरण्याबद्दल एक आकडा वाचला आणि तो मला काही केल्या विसरता येत नाही. इंग्लंडमध्ये १९७१ साली सात-आठ वर्षांच्या मुलांपैकी ८० टक्के मुलं मोठ्या माणसांशिवाय शाळेत जात होती. मेयर हिलमन आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये तीच पाहणी पुन्हा केली तेव्हा हे प्रमाण ९ टक्क्यांवर आलं होतं. मुलं तशीच होती, रस्ते तसे राहिले नव्हते. पालकांनी दिलेलं मुख्य कारण वाहतूक. मुलांना मोठ्यांनी सुरक्षित ठेवलं ते घरात ठेवून. मला माझ्या मुलीसाठी हे नको होतं, आणि ते टाळायचं असेल तर चांगल्या शाळेइतकाच शाळेचा रस्ता पाहायला हवा होता.

म्हणून आम्ही तिलाच पुढे केलं. उरलेल्या प्रत्येक उपनगरात घरापासून शाळेपर्यंत आणि शाळेपासून मैदानापर्यंत ती पुढे आणि आम्ही पंधरा-वीस पावलं मागे. कुठे थांबायचं, कुठून ओलांडायचं ते तिने ठरवायचं. एका ठिकाणी ती चौकात बराच वेळ उभी राहिली, मग मागे वळून म्हणाली, "आई, इथून मी एकटी नाही येणार. गाड्या वळताना थांबत नाहीत." मी तो चौक दोनदा ओलांडला होता आणि माझ्या उंचीवरून मला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. तिच्या उंचीवरून कडेला लावलेल्या गाड्यांच्या पलीकडचं काहीच दिसत नव्हतं. ही परीक्षा घ्यायला काहीच लागत नाही. मी ज्यांना सांगते त्यांना हीच सगळ्यांत आधी सांगते.

गाड्यांचा वेगही पाहिला. जिथे पायी चालणारे आणि गाड्या एकत्र असतात तिथे वेगमर्यादा ताशी ३० किलोमीटर असावी, असं रस्तेसुरक्षेबद्दलच्या २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात सगळ्या देशांना सांगितलं आहे. पण पाटी लावल्याने वेग कमी होतो असं नाही. अरुंद रस्ता, वळणं, उंचवटे, कडेची झाडं यांनी होतो. रुंद, सरळ, मोकळ्या रस्त्यावर पाटी असूनही गाड्या सुसाट जात होत्या, आणि जुन्या अरुंद गल्ल्यांत पाटी नसूनही सावकाश.

शेजार कसा असेल हे आधी कळत नाही असं म्हणतात. थोडं कळतं. नगररचनेचे अभ्यासक डोनाल्ड ॲपलयार्ड यांनी सॅन फ्रान्सिस्कोतल्या सारख्याच दिसणाऱ्या तीन रस्त्यांवरच्या लोकांशी बोलून एक अभ्यास केला होता. एकावर दिवसाला सुमारे २,००० वाहनं, दुसऱ्यावर ८,०००, तिसऱ्यावर १६,०००. कमी वाहतुकीच्या रस्त्यावरच्या माणसांना त्याच रस्त्यावर सरासरी तीन मित्र होते, सर्वांत वर्दळीच्या रस्त्यावर एकही पुरता नव्हता. तेव्हा आम्ही इमारत पाहिल्यावर तिच्यासमोरचा रस्ता पाहायला थांबायचो. संध्याकाळी सहा-साडेसहाला तिथे बाहेर कोण आहे? मुलं आहेत का, ती कितव्या वर्षाची आहेत, कोणी म्हातारं माणूस कट्ट्यावर बसलं आहे का? शहरांवर लिहिणाऱ्या लेखिका जेन जेकब्स यांनी १९६१ मध्ये लिहिलं होतं की रस्ता सुरक्षित राहतो तो त्यावर असलेल्या माणसांच्या नजरेमुळे. रात्री साडेनऊच्या गाडीने उतरून मी एकटी त्या वाटेने चालून पाहिलं. दिव्यांचा उजेड पुरेसा असूनही एका ठिकाणी मला भीती वाटली, कारण वाटेच्या दोन्ही बाजूंना उंच भिंती होत्या आणि एकही खिडकी नव्हती. दुसरीकडे दिवे मंद होते, पण औषधाचं दुकान उघडं होतं आणि वरच्या घरांमधून बोलण्याचे आवाज येत होते. तिथे मी चालण्याचा वेग वाढवला नाही.

शाळांबद्दल मी थोडंच सांगेन, कारण त्याबद्दल सगळे बोलतात. निकालांचे आकडे पाहून फार काही कळलं नाही. शाळा सुटताना फाटकाबाहेर उभं राहिलं की मुलं कशी बाहेर येतात, शिक्षक त्यांच्याशी कसे बोलतात ते दिसतं, आणि बाहेर थांबलेले पालक मनमोकळं सांगतात. आम्ही नेहमी एकच विचारलं: इथून तुम्हाला कधी निघून जावंसं वाटलं का, आणि का? एजंटकडून जे कधीच कळलं नसतं ते या प्रश्नाने कळलं. पावसाळ्यात कुठे पाणी तुंबतं, कोणत्या पाळणाघरात जागेसाठी वर्षभर थांबावं लागतं, रात्री कोणत्या बाजूला मालगाड्यांचा आवाज येतो.

आवाजाचं तेवढं नोंदवते. स्टेशनजवळ राहण्याची ती किंमत असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०१८ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार रात्रीचा रेल्वेचा आवाज ४४ डेसिबलच्या आणि रस्त्याचा ४५ डेसिबलच्या खाली असावा. रुळांना लागून असलेलं घर आम्ही घेतलं नाही. रुळ आणि घर यांच्यामधे इमारतींची एक रांग आली की फरक कानालाही कळतो.

पैशांचा हिशेब करताना घराचा खर्च आणि प्रवासाचा खर्च एकाच रकान्यात मांडला. अमेरिकेतली सेंटर फॉर नेबरहूड टेक्नॉलॉजी ही संस्था असाच हिशेब करते: घर आणि वाहतूक मिळून उत्पन्नाच्या ४५ टक्क्यांच्या आत असलं तर परवडणारं. दूरचं स्वस्त घर आणि दोन गाड्या, की जवळचं महाग घर आणि दोन पास, ही तुलना तेव्हाच खरी होते.

शेवटी दोन उपनगरं उरली. पहिलं नवं, आखीव, तळ्याकाठी, मोठी बाग असलेलं. घर एका खोलीने मोठं, गाडी सहा मिनिटं लवकर पोचवणारी. स्टेशन मात्र वस्तीच्या एका टोकाला, आणि शाळा दुसऱ्या टोकाला, मोठ्या रस्त्यापलीकडे. दुसरं जुनं. इमारतींना थोडी कळा गेलेली, बाग लहान, पण स्टेशन मधोमध. उतरलं की दुकानं, त्यांच्या मागच्या गल्लीत पाळणाघर, दवाखाना आणि वाचनालय, त्यापुढे शाळा आणि शाळेच्या अलीकडे घर. नवऱ्याचं मन पहिल्यात होतं. तळ्याकाठी चालायला मिळेल, मुलांना मोकळी हवा मिळेल असं तो म्हणत होता आणि त्यात तथ्य होतं. आम्ही बरेच दिवस यावर बोललो. मग त्यानेच एक कागद घेतला आणि दोन्हीकडच्या साध्या मंगळवारचं वेळापत्रक लिहिलं, सकाळी साडेसहापासून रात्री दहापर्यंत. पहिल्या कागदावर मुलांना कोणी ना कोणी सोडतंय, आणतंय, परत सोडतंय, आणि तळ्याकाठी जायला त्या दिवसात वेळच सापडेना. दुसऱ्या कागदावर संध्याकाळी पावणेसातपासून सगळे घरी होते. त्याने दुसरा कागद माझ्याकडे सरकवला.

आम्ही राहायला आलो त्याला आता बराच काळ झाला. गाडीतला वेळ कमी असता तर बरं झालं असतं, असं पावसाळ्यातल्या गर्दीत अजूनही वाटतं. खोली एक कमी आहे, ती जाणवते. पण गाडी चुकली तर पुढची येते. धाकट्याला मी स्टेशनवरून येताना उचलते, त्यासाठी वेगळं जावं लागत नाही. सासरे रोज सकाळी वाचनालयात जाऊन बसतात, तिथे त्यांची चार माणसं झाली आहेत. थोरली चौथीच्या मध्यापासून शाळेत एकटी जाते. आधी मी मागे चालायचे, मग कोपऱ्यापर्यंत, आता दारातूनच निरोप.

एक गोष्ट अजून मनासारखी नाही. वाचनालयासमोरच्या सिग्नलला पायी जाणाऱ्यांना मिळणारा वेळ कमी आहे. सासरे रस्त्याच्या मध्यावर असतानाच दिवा लाल होतो. हा वेळ ठरवताना माणूस किती वेगाने चालतो हे गृहीत धरलेलं असतं. अमेरिकेच्या वाहतूकनियमांत तो वेग २००९ साली सेकंदाला ४ फुटांवरून ३.५ फुटांवर आणला, म्हणजे हळू चालणाऱ्यांना थोडा जास्त वेळ मिळावा. आम्ही त्या सिग्नलवर वेगवेगळ्या वेळी थांबून म्हातारी माणसं, बाबागाड्या आणि शाळेची मुलं यांना लागणारा वेळ टिपला आणि रस्त्याची रुंदी मोजून पालिकेला अर्ज दिला. इमारतीतल्या लोकांनी आणि शाळेतल्या पालकांनी त्यावर सह्या केल्या. मोजणीसाठी माणूस पाठवतो असं उत्तर आलं आहे. तो येईल तेव्हा सासरे आणि थोरली, दोघंही त्याच्याबरोबर रस्ता ओलांडून दाखवणार आहेत.